प्रश्नोत्तरे : अभियांत्रिकी भौतिकी ही शाखा कोणासाठी?

जेईईचे निकाल लागून जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामाईक, प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे शाखानिवडीची असतात. यंदा त्यांत इंजिनिअरिंग फिजिक्स, म्हणजेच अभियांत्रिकी भौतिकी, या बी.टेक. शाखेविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच आहेत. मराठवाड्यात ही शाखा शिकलेला माणूस शेजारीपाजारी सापडत नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला, ही अडचण अनेकांनी मांडली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, नावे न छापता, त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला जेईई ॲडव्हान्स्डमध्ये बऱ्यापैकी क्रमांक मिळाला आहे. कॉम्प्युटर सायन्स मिळणार नाही हे उघड आहे. परंतु मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल आणि अभियांत्रिकी भौतिकी या शाखा तिच्या टप्प्यात आहेत आणि तिला भौतिकीच हवी आहे. नातेवाईक म्हणतात की, फिजिक्सच शिकायचे होते तर लातूरला दोन वर्षे क्लासची फी कशाला भरली, परभणीतच बी.एस्सी. झाली असती, शेवटी मास्तरकीच करायची ना! या शाखेत नेमके काय शिकवतात आणि पुढे काय?
(एक पालक, परभणी)

उत्तर : आधी मास्तरकीचा मुद्दा निकालात काढू. केवळ बी.टेक.च्या बळावर वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे सहायक प्राध्यापक होता येत नाही; त्यासाठी विषयातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्या जोडीला नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. म्हणजे ज्या नोकरीची भीती आपल्याला घातली जात आहे, तिला ही पदवी एकटी पुरतच नाही, एवढे नातेवाइकांना खुशाल सांगावे.

आता अभ्यासक्रमाविषयी. विषयांची नावे आणि क्रम संस्थेगणिक बदलतात, तरी साधारण आखणी अशी असते की, पहिले वर्ष इतर शाखांच्या विद्यार्थ्यांबरोबरच जाते आणि त्यात कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, विकलक समीकरणे (डिफरेन्शियल इक्वेशन्स), प्रोग्रॅमिंग, थोडे रसायनशास्त्र, वर्कशॉप आणि ड्रॉइंग असते. दुसऱ्या वर्षापासून वाट वेगळी होते. एका बाजूला यांत्रिकी, विद्युतचुंबकीय सिद्धान्त, उष्मागतिकी आणि पुंजयांत्रिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) सुरुवात, तर दुसऱ्या बाजूला ॲनालॉग व डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि त्यांच्या प्रयोगशाळा. तिसरे वर्ष मात्र पूर्णपणे या शाखेचे असते : पुंजयांत्रिकी, सांख्यिकीय भौतिकी, घनस्थिती भौतिकी (सॉलिड स्टेट फिजिक्स), अर्धवाहक (सेमीकंडक्टर) साधने, लेसर आणि प्रकाशिकी, संगणकावर समीकरणे सोडवण्याच्या पद्धती. चौथ्या वर्षी निवडीचे विषय आणि प्रकल्प. या वर्णनावरून लक्षात येईल की बी.एस्सी.त थोडेच भेटणारे इलेक्ट्रॉनिक्स, मोजमापाची साधने आणि संगणन येथे भरपूर आहे. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला ज्या पदार्थाचा गुणधर्म आयता सांगितला जातो, तो गुणधर्म तसा का असतो, हे येथे पहिल्यापासून काढून दाखवावे लागते. सर्किट लावणाऱ्याला डायोडचा आलेख पुरतो. सिलिकॉनमधील ऊर्जेची पोकळी (बँड गॅप) १.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास का आणि ती बदलायची असेल तर कोणता पदार्थ घ्यावा, हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला आलेखाच्या मागे जावे लागते.

माझा सल्ला असा की आपण आणि मुलीने मिळून त्या त्या संस्थेच्या भौतिकी विभागाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम समोर ठेवावा आणि त्याच संस्थेतील मेकॅनिकलचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम त्याच्या शेजारी. कोणत्या कागदावरील विषय वाचताना तिचे कुतूहल जागे होते, हे तासाभरात समजते. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमावरून काहीच ठरवू नये, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. शाखेच्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या क्रमांकावरूनही ठरवू नये. तो आकडा मागणी सांगतो, मुलीची आवड सांगत नाही.

पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर थोडे कडू आहे. अभियांत्रिकी भौतिकीचा पदवीधर हवा, अशी नेमकी जाहिरात देणाऱ्या कंपन्या आपल्या देशात फार नाहीत. या शाखेतील मुले चार वर्षांनंतर तीन-चार दिशांना पांगतात. काही जण सॉफ्टवेअर, विदाविश्लेषण (डेटा ॲनालिसिस) आणि वित्तक्षेत्रात जातात, कारण तेथील लेखी चाचण्या बहुधा सर्व शाखांना खुल्या असतात आणि गणिताची सवय त्यांना उपयोगी पडते. काही जण चिप बनवणाऱ्या, लेसर, ऑप्टिकल फायबर, वैद्यकीय प्रतिमा यंत्रे किंवा मोजमापाची उपकरणे तयार करणाऱ्या उद्योगांकडे वळतात. उरलेले एम.टेक. किंवा पीएच.डी. करतात, टीआयएफआर या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी बी.टेक. नंतर थेट पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेला बसता येते. शाखेच्या मूळ विषयातच काम करायचे असेल, तर हिशेब चार वर्षांचा नसून आठ-दहा वर्षांचा आहे, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. ज्या घराला चौथ्या वर्षाअखेर पगाराची निकड आहे, त्या घरातील मुलीने ही शाखा घेऊच नये असे मी म्हणणार नाही, पण तिने दुसऱ्या वर्षापासूनच प्रोग्रॅमिंगचा हात सुटू देऊ नये.

परिस्थिती पूर्वीपेक्षा अनुकूल आहे, हेही नोंदवायला हवे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर केला आणि एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली. या मिशनच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत, तर क्वांटम पदार्थ व साधनांचे केंद्र दिल्लीच्या आयआयटीत आहे. सरकारी घोषणांवर भाळून शाखा निवडणे शहाणपणाचे नाही. परंतु प्रयोगशाळेत यंत्रसामग्री येते, प्रकल्पांना पैसा मिळतो आणि पदवीच्या मुलांना त्यात हात घालायला मिळतो, हा फायदा प्रत्यक्षातला आहे.

जाता जाता एक गोष्ट. होमी भाभा यांना त्यांच्या घरच्यांनी केंब्रिजला पाठवले ते अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे म्हणून. त्यांनी १९३० मध्ये मेकॅनिकलची परीक्षा पहिल्या वर्गात पार केली आणि मग भौतिकशास्त्राकडे मोर्चा वळवला. नातेवाईक तेव्हाही असणारच.

प्रश्न : मी लातूरला बारावीत शिकते. क्लासच्या चाचण्यांत मला फिजिक्समध्ये सर्वांत जास्त गुण पडतात, केमिस्ट्री मात्र अजिबात आवडत नाही. माझ्यासाठी अभियांत्रिकी भौतिकी योग्य ठरेल का?
(एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : केमिस्ट्रीपुरते बोलायचे तर पहिल्या वर्षानंतर तिची गाठ फारशी पडत नाही, तेव्हा ती चिंता सोडून दे. गुणांचा मुद्दा मात्र तू समजतेस तेवढा सरळ नाही. लातूरच्या क्लासमध्ये जी तयारी होते, तिच्यात प्रश्न ओळखणे, योग्य सूत्र आठवणे आणि दोन-तीन मिनिटांत उत्तराच्या पर्यायापर्यंत पोचणे, हे कौशल्य घासूनपुसून लख्ख केले जाते. ते कौशल्य खोटे नाही; त्याच्याशिवाय आयआयटीचे दार उघडतही नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जे भौतिकशास्त्र भेटते, त्यात पर्याय नसतात आणि एकच समीकरण आठवडाभर पुरते. तेथे मुलांची दमछाक होते ती बहुधा गणितात. विकलक समीकरणे, मॅट्रिक्स, संमिश्र संख्या यांचा कंटाळा असणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ फिजिक्स आवडते म्हणून ही शाखा सोसत नाही. म्हणून मी तुला उलट विचारेन : गणिताच्या चाचणीत गुण कमी-जास्त पडोत, पण एखादे गणित सुटले नाही तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घ्यावेसे वाटते का?

आणखी एक गोष्ट घरी करून पाहता येईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून लाल, हिरवा आणि निळा असे पारदर्शक आवरणाचे तीन एलईडी आण. पांढरा घेऊ नकोस, कारण तो आतून निळाच असतो आणि त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. सोबत नऊ व्होल्टची बॅटरी, एक किलोओहमचा रेझिस्टर, दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर आणि एक साधा मल्टिमीटर. बॅटरीच्या दोन टोकांवर पोटेन्शिओमीटर जोड आणि त्याच्या मधल्या पायापासून रेझिस्टरमार्गे एलईडीला वीज दे. खोलीत अंधार करून पोटेन्शिओमीटर हळूहळू फिरव आणि एलईडी अगदी मिणमिणता पेटतो त्या क्षणी त्याच्या दोन पायांमधील व्होल्टेज लिहून घे. लाल एलईडी पावणेदोन व्होल्टच्या आगेमागे पेटेल, हिरव्याला त्याहून जास्त लागेल आणि निळ्याला अडीच व्होल्टच्या जवळपास जावे लागेल. लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६३० नॅनोमीटर, हिरव्याची ५२५ आणि निळ्याची ४७० धर. व्होल्टेजला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने आणि तरंगलांबीने गुणून प्रकाशाच्या वेगाने भागले की प्लांकचा स्थिरांक मिळायला हवा. पुस्तकात तो ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात जूल-सेकंद असा दिलेला आहे.

तुझा आकडा बरोबर तेवढा येणार नाही. मग प्रश्न सुरू होतात. डोळ्याला अगदी मंद उजेड केव्हापासून दिसतो? एलईडीतून एकाच तरंगलांबीचा प्रकाश येतो की थोडा पसरलेला? खोलीच्या तापमानाचा काही संबंध असेल का? तिन्ही एलईडींचे आकडे एकाच दिशेला चुकले आहेत की वेगवेगळ्या? या प्रश्नांवर एक संध्याकाळ गेली आणि तरी जेवायला उठावेसे वाटले नाही, तर ही शाखा तुझी आहे असे समज. आकडा जवळपास आला, वहीत लिहिला आणि झाले, असे वाटले तर त्यातही काही वाईट नाही. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलमध्ये तू सुखात राहशील.

त्या निळ्या एलईडीचाही एक इतिहास आहे, तो या शाखेचे मर्म सांगतो. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये तयार झाला होता, पण झगझगीत निळा एलईडी बाजारात यायला १९९३ उजाडावे लागले. कोणता पदार्थ हवा, हे सिद्धान्ताने कधीच सांगितले होते : गॅलियम नायट्राइड. अडत होते ते त्याचा निर्दोष स्फटिक वाढवण्यात. ते काम जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी केले आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांपैकी नाकामुरा हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते आणि एका कंपनीचे नोकरदार होते.

प्रश्न : जेईई मेनमध्ये मला ठीक गुण मिळाले, पण ॲडव्हान्स्डमध्ये पात्र ठरलो नाही. अभियांत्रिकी भौतिकीच करायची असे ठरवले होते. एक वर्ष थांबू का?
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच वेळा बसता येते आणि त्याआधी मेनमधून पहिल्या सुमारे अडीच लाखांत यावे लागते. तेव्हा तुमचा पहिला प्रयत्न यंदाच बारावीबरोबर झाला असेल, तर पुढच्या वर्षी एक संधी उरते. थांबायचे असेल तर गणितात किती गुण कमी पडले ते पाहून ठरवा. केवळ शाखेच्या नावासाठी वर्ष घालवणे मला पटत नाही.

मेनच्या गुणांवर ही शाखा मिळू शकते अशा जागा आहेत, पण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्या थोड्याच येतात. कालिकतच्या एनआयटीत ही बी.टेक. आहे, तेथील निम्म्या जागा केरळच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात आणि बाकीच्यांसाठी देशभरातून चढाओढ असते. दिल्लीच्या दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतही ही शाखा आहे, मात्र तेथे दिल्लीबाहेरच्यांना १५ टक्केच जागा असून प्रवेश जोसातून न होता दिल्लीच्या स्वतंत्र फेऱ्यांतून होतो. त्या फेऱ्यांची नोंदणी वेगळी करावी लागते, हे लक्षात ठेवा.

तुमच्याच गावात एक पर्याय आहे, त्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन ही शाखा आहे. संवेदक, मोजमाप, नियंत्रणप्रणाली हा तिचा गाभा, आणि अभियांत्रिकी भौतिकीच्या प्रयोगशाळेत बरेच काम त्याच विषयांचे असते. इन्स्ट्रुमेंटेशन करता करता पुंजयांत्रिकी आणि घनस्थिती भौतिकी स्वतः वाचून, गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा भौतिकशास्त्राचा पेपर देऊन पुढे वळणे अवघड असले तरी अशक्य नाही.

दुसरी वाट सरळ विज्ञानाची आहे. आयसर संस्थांचा पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम, ज्यात पुण्याची आयसरही येते, आयएटी या वेगळ्या परीक्षेतून मिळतो. या परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, त्यामुळे अकरावीतच जीवशास्त्र सोडलेल्या मुलांनी तेवढ्या भागाची निदान दहावीच्या पुढची उजळणी करावी. भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा असते. आणि हे काहीच जमले नाही, तर चांगल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून जॅम परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्याचा रस्ता आहेच. त्या रस्त्याने गेलेल्या मुलांचे भौतिकशास्त्र कित्येकदा बी.टेक.वाल्यांपेक्षा पक्के असते. इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग तेवढे त्यांना स्वतःहून जोडून घ्यावे लागते.

प्रश्न : आमचे उत्पन्न बेताचे आहे. महाराष्ट्रात मुलींना अभियांत्रिकीची फी माफ असताना बाहेरच्या आयआयटीत भौतिकी शिकवणे परवडेल का? आणि या पदवीवर सरकारी नोकरी लागते का?
(एक पालक, बीड)

उत्तर : राज्याची शंभर टक्के शुल्कमाफी २०२४-२५ पासून आहे. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेरीतून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी आहे. आयआयटीला ती लागू होत नाही. परंतु आयआयटीची स्वतःची सवलत आहे आणि ती अनेक पालकांना माहीत नसते. तेथील शिक्षणशुल्क वर्षाला दोन लाख रुपये असले, तरी कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास ते पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन-तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न न पाहता पूर्ण माफी आहे. वसतिगृह आणि मेसचा खर्च वेगळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला जुलै उजाडू देऊ नका. त्या दिवसांत सेतूपुढील रांग आणि सर्व्हरची अवस्था आपण जाणताच.

एका गोष्टीत बी.एस्सी.चे पारडे जड आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या विद्यार्थ्याने मूलभूत विज्ञानाची पदवी घेतल्यास इन्स्पायर शिष्यवृत्तीतून वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, बी.टेक.ला, नावात भौतिकी असली तरी, ती मिळत नाही.

सरकारी नोकरीबाबत स्पष्ट सांगतो. राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांचेच राज्य आहे. सार्वजनिक उपक्रम गेटच्या गुणांवर भरती करतात तेव्हा शाखांची यादी देतात आणि त्या यादीत अभियांत्रिकी भौतिकीचे नाव नसेल, तर समकक्षतेचा वाद घालण्यात उमेदवाराचेच वय जाते. यूपीएससीची नागरी सेवा कोणत्याही पदवीधराला खुली आहे, तशी यालाही आहे. अवकाश संशोधनाकडे ओढा असेल, तर तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विभागाच्या संस्थेत अभियांत्रिकी भौतिकीची पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे आणि तेथेही जेईई ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर प्रवेश होतो. सरकारी नोकरी हेच एकमेव उद्दिष्ट असेल, तर मात्र मुलीला इलेक्ट्रिकल घेऊ द्या.

प्रश्न : औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहत आहे. मुलगा अकरावीत आहे. अभियांत्रिकी भौतिकी शिकल्यास त्याला आपल्याच जिल्ह्यात या प्रकल्पात काम मिळेल काय?
(एक वाचक, हिंगोली)

उत्तर : मिळेलच, असे आज कोणी सांगू शकणार नाही, आणि एका प्रकल्पाकडे डोळे लावून पदवी निवडणेही बरे नाही. परंतु ही शाखा कशासाठी असते, हे समजून घ्यायला मराठवाड्यात याहून जवळचे उदाहरण नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पदवीच्या प्रयोगशाळेत मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर असतो. लेसरचा एक किरण अर्धपारदर्शक काचेवर दुभंगतो, दोन वेगवेगळ्या आरशांवरून परत येतो आणि पुन्हा एकत्र येऊन पडद्यावर काळ्या-उजळ कड्या उमटवतो. एक आरसा स्क्रूने सरकवला की कड्या मध्यातून बाहेर पडू लागतात किंवा आत गडप होतात. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते, त्यामुळे आरसा साधारण ३१६ नॅनोमीटर सरकला की एक कडी बदलते. विद्यार्थी कड्या मोजत असतो, तेवढ्यात कोणीतरी टेबलाला टेकते किंवा व्हरांड्यातून जाते आणि पडद्यावरचे सगळे चित्र थरथरू लागते. पहिल्यांदा वैताग येतो. मग टेबलाखाली काय घालावे, हवेचा झोत कसा अडवावा, याचा विचार सुरू होतो.

लायगोचे यंत्र तत्त्वतः हेच आहे, फक्त त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतात आणि गुरुत्वीय लहरीने अवकाश ताणले-आकुंचले गेल्यामुळे होणारी, त्यात मोजायची हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. अमेरिकेतील दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. भुजांमधील नळ्यांत वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास निर्वात राखावा लागतो. आरसे जमिनीच्या कंपनांपासून वेगळे टांगावे लागतात. आरशावरील लेपाच्या रेणूंची उष्णतेने होणारी थरथरसुद्धा मापनाच्या आड येते. नळी कशी जोडायची हे मेकॅनिकलचा अभियंता सांगेल आणि लहर कोणत्या आकाराची असेल हे सैद्धान्तिक भौतिकीचा अभ्यासक सांगेल, पण लेपाचा पदार्थ बदलला तर कोणत्या वारंवारितेला किती गोंगाट (मापनात मिसळणारी नको ती थरथर) कमी होईल, याचे उत्तर देणाऱ्याला दोन्ही बाजूंची भाषा यावी लागते. या शाखेचा उपयोग नेमका तेथे आहे.

औंढ्याच्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता मिळाली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यात सहभागी आहेत. मनुष्यबळाच्या जाहिराती अशाच संस्थांकडून येतात, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवावी. आपला मुलगा बी.टेक. होऊन बाहेर पडेपर्यंत सहा वर्षे जातील आणि असे यंत्र उभे राहिल्यावर ते सुधारत नेण्याचे काम कित्येक वर्षे चालते, त्यामुळे वेळ चुकली असे होणार नाही. मात्र तेथे वैज्ञानिक म्हणून काम करायचे असेल, तर पीएच.डी.पर्यंत जाण्याची तयारी हवी. तोवर त्याला खोडद येथील जीएमआरटीची महाकाय रेडिओ दुर्बीण दाखवून आणा. नारायणगावच्या परिसरात ती आहे आणि विज्ञानदिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली असते.

प्रश्न : दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजीमुळे मागे पडेन का?
(एक विद्यार्थी, अंबाजोगाई)

उत्तर : जेईई मेन मराठीतून देता येते, परंतु ॲडव्हान्स्डची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते आणि पुढची चारही वर्षे इंग्रजीतच आहेत. म्हणून मेनचा सरावही अकरावीपासून इंग्रजीतच करावा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील इंग्रजी सोपे असते, वाक्ये छोटी असतात आणि मध्येमध्ये समीकरणे असतात. अडखळायला होते ते प्रयोगाचा अहवाल स्वतः लिहिताना. बारावीच्या जर्नलमधील निरीक्षणे मित्राच्या वहीतून न उतरवता स्वतःच्या इंग्रजी वाक्यांत लिहिली, तरी बराच पल्ला गाठला जाईल.

प्रश्न : आयआयटीत भौतिकी घेऊन पहिल्या वर्षानंतर कॉम्प्युटरला शाखाबदल करता येतो, असे क्लासमध्ये सांगतात. हे खरे आहे का?
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काही आयआयटींनी शाखाबदलाची सोय बंद केली आहे. जेथे ती आहे, तेथेही वर्गातील अगदी वरच्या मोजक्या मुलांनाच तिचा लाभ होतो आणि कॉम्प्युटरसाठी सर्वांत जास्त झुंबड असते. तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी त्या संस्थेचा चालू वर्षाचा नियम पाहावा आणि शाखा बदलणार नाही असेच धरून चालावे. अनेक संस्थांत मुख्य शाखेबरोबर कॉम्प्युटरचे चार-पाच विषय घेऊन मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम अभ्यासक्रम, करता येते. भौतिकी खरोखर आवडत असेल तर ती जोडी चांगली आहे. आवडत नसेल, तर एखाद्या एनआयटीत किंवा राज्यातील चांगल्या महाविद्यालयात कॉम्प्युटर घ्यावे.